ठोक्यांमधली जागा

१

अडतीस साली मला शब्द गोळा करायचा नाद लागला. पुण्याकडची काही विद्वान मंडळी एक मोठा कोश करत होती. त्यांनी गावोगावच्या मास्तरांना कोऱ्या चिठ्ठ्या धाडल्या होत्या. एका चिठ्ठीवर पहिल्या ओळीत एक शब्द आणि त्याखाली तीन ओळी: अर्थ, ग्रंथातला उपयोग, लोकांच्या तोंडचा उपयोग. माझ्या वाट्याला 'नि'पासून सुरू होणारे शब्द आले होते. लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यातलाच प्रकार होता तो, पण मी मोठ्या हौसेनं भाजत होतो.

निकड, निखारा, निबर, निमूट हे सगळे पटापट उरकले. अडलो तो 'निरंतर'पाशी. अर्थ सोपा होता. अंतर नसलेलं, खंड न पडता चालणारं, अनंतकाळ. ग्रंथातला उपयोग तर पोथीचं कुठलंही पान उघडलं तरी सापडत होता. पण लोकांच्या तोंडी हा शब्द मिळेना. किन्हवलीच्या बाजारात विचारलं, खर्डीच्या स्टेशनावर विचारलं. महिन्याच्या मीटिंगला शहापूरला गेलो की कचेरीबाहेर झाडाखाली बसलेल्या लोकांना विचारायचो. कुणी 'कायम' म्हणे, कुणी 'सदा', कुणी 'जलमभर'. बाजारात कोयत्या-विळ्यांना धार लावणाऱ्या पोश्यानं तर मला गप्पच केलं. तो म्हणाला, "गुर्जी, जे कंदी सपतच नाय, त्याला शबूद कशाला पायजे? आमाला येवढा टाइम कुठं हाय?"

तेव्हा ती चौथी ओळ कोरी राहिली.

किन्हवलीपासून अडीच मैलांवरच्या एका वाडीत माझी शाळा होती. नथू नावाच्या शेतकऱ्याच्या घराची एक पडवी शाळेला दिलेली आणि दुसरी बंदिस्त करून मला न् माझ्या बायकोला राहायला दिलेली. आमची खोली आणि नथूचं माजघर यांच्यामध्ये कारवीच्या काटक्यांचा कूड होता, शेणामातीनं सारवलेला. कुडाची भिंत नजर अडवते, आवाज अडवत नाही. पलीकडं जमिनीत पुरलेलं उखळ होतं. रोज दुपारी तीनच्या सुमाराला, शाळा सुटली की, नथूची आई गुणाबाई आणि बायको हिराबाई भात कांडायला उभ्या राहायच्या. एक उखळ, दोन मुसळं. एकीचं वर गेलं की दुसरीचं खाली. धप्, धप्, धप्, धप्. गुणाबाईची एक खोड होती. थोडे ठोके झाले की ती मुसळाच्या खालचं लोखंडी कडं उखळाच्या काठावर हलकेच आपटायची, चिकटलेले दाणे पडावेत म्हणून. टक्. मग पुन्हा धप्, धप्.

त्या तालावर मी चिठ्ठ्या लिहायचो. माझ्याकडं घड्याळ नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती.

२

माझ्या बायकोचं नाव रंगू. त्या साली दसऱ्याच्या सुमाराला तिला सातवा लागला होता आणि हे आमचं तिसरं मूल. पहिलं जन्मलं ते रडलंच नाही. दुसरा मुलगा नऊ दिवस जगला. दोन्ही बाळंतपणं तिच्या माहेरी मुरबाडला झाली. यंदा माहेरहून दोनदा निरोप आला, पण ती गेली नाही. "तिकडं नाय," एवढंच म्हणाली.

रंगू मुळात बोलकी बाई. हसली की पदर तोंडाशी न्यायची. नऊ दिवसांचं ते मूल गेल्यापासून मात्र तिच्या बोलण्यातला पुढचा काळच गेला. 'करीन', 'येईल', 'असेल' हे ती म्हणेनाशी झाली. उद्याच्या भाजीचं विचारलं तरी "बघू" म्हणायची. बाळाच्या कुंचीसाठी आणलेलं लाल कापड पेटीच्या तळाशी पडून होतं, त्याला तिनं कात्री लावली नाही. मला सगळं दिसत होतं आणि मला भीती वाटत होती. मी तिच्याशी बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी अनंतकाळाला लोक काय म्हणतात ते विचारत बाजारभर हिंडत होतो. शहाणा माणूस शहाणपणाच्या आडच लपतो.

कार्तिक संपता संपता हिराबाईला तिच्या माहेरी न्यायला गाडी आली. तिचं पहिलंच बाळंतपण, रीतीप्रमाणं माहेरी व्हायचं. माहेर मुरबाडच्या बाजूला. तिचं गाठोडं मी स्वतः गाडीत ठेवलं. गाडी आंब्याखालून वळून दिसेनाशी होईपर्यंत आम्ही सगळे दारात उभे होतो. हे इतकं तपशिलानं सांगतोय, कारण हिराबाई गेली याबद्दल पुढं कुणी माझ्या मनात शंका घातली असती तर मी ती आनंदानं घेतली असती.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी चिठ्ठ्या घेऊन बसलो. पलीकडं कांडण सुरू झालं. धप्, धप्, धप्, धप्. टक्. दोन-तीन चिठ्ठ्या लिहून झाल्यावर माझा टाक थांबला.

पलीकडं दोन मुसळं चालली होती.

३

शेजारची कुणी आली असेल, असं मी मनाला सांगितलं. चार दिवस सांगत राहिलो. पाचव्या दिवशी दौतीत पाणी घालायचं निमित्त करून माजघरात गेलो. गुणाबाई एकटीच होती. हातात एक मुसळ. दुसरं भाताच्या कणगीशेजारी भिंतीला टेकून उभं. मी दारात उभा असेतो एकाच मुसळाचा आवाज येत होता, पण तो चमत्कारिक होता. धप्, मग एका ठोक्याएवढी जागा, मग धप्. एकटं माणूस असं कांडत नाही. एकटं माणूस आपल्या सोयीनं सलग मारतं. गुणाबाई मध्ये जागा सोडत होती.

मी पाणी घेऊन खोलीत परतलो. चटईवर बसतो न बसतो तोच त्या जागा भरल्या.

मी व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा झालेला माणूस. भुताखेताच्या गोष्टी पोरांना सांगू नयेत, असं आम्हाला शिकवलेलं. म्हणून मी रीतसर विचार केला. पहिला तर्क प्रतिध्वनी. कणगी पोकळ असते, तिच्यावरून आवाज परतत असेल. पण गुणाबाई दमली की तिचा हात मंदावायचा आणि तो दुसरा ठोकाही तेवढाच मंदावायचा, बरोबर मधोमध पडायचा. प्रतिध्वनी काही दमलेल्या माणसासाठी थांबत नाही. दुसरा तर्क माझ्या कानांचा. तोही दोन दिवसांनी गेला. कुडाला कान लावून ऐकताना मला दुसऱ्या ठोक्याच्या आधी एक बारीक हुंकार ऐकू आला. मुसळ वर उचलताना बायका काढतात तसा. गुणाबाई मुकाट्यानं कांडायची, तिला ती सवय नव्हती.

मी कुडावरचा कान काढला. मागं वळलो तर रंगू बाजेवर बसून माझ्याकडंच पाहत होती. मी काय ऐकतोय, हे तिनं विचारलं नाही.

"मलाबी ऐकू येतो तो आवाज," ती म्हणाली. "पैल्या दिवसापून."

मग तिनं माझा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. पलीकडं गुणाबाईचा ठोका पडला. काही नाही. दुसरा ठोका पडला आणि तळव्याखाली बाळ हललं. पुन्हा गुणाबाईचा, काही नाही. पुन्हा दुसरा, आणि आतून लहानशी लाथ बसली. दहा वेळा तसंच झालं. मी हात काढून घेतला.

रंगूचा चेहरा मात्र निवांत होता. कित्येक महिन्यांत मी तिला तशी पाहिली नव्हती. खरं सांगायचं तर मला त्या आवाजापेक्षा तिच्या त्या निवांतपणाचीच जास्त धास्ती वाटली.

४

शेवटी मी गुणाबाईलाच विचारलं. सकाळची वेळ होती, ती अंगणात सुपानं तांदूळ पाखडत होती. दुसऱ्या मुसळानं कोण कांडतं, असा सरळ प्रश्न मला विचारवेना. एवढंच म्हटलं की तुम्ही एकट्या असून दोघींसारख्या का कांडता.

तिला त्यात नवल वाटलं नाही. "आमच्या घरात निरंतर कांडत्यात," ती म्हणाली.

भीती, बाळ, सगळं मी क्षणभर विसरलो. चौथी ओळ समोरून चालत आली होती. मी घाईघाईनं विचारलं की निरंतर म्हणजे काय, तुमच्यात काय अर्थ करतात. गुणाबाई सूप खाली ठेवून हसली. मास्तरला साधं एवढं कळू नये, याचं तिला हसू आलं असावं.

"आवो, एकटीचा हात थकतो का नाय? मग मधी जागा पडती. ती जागा दुसरीनं भरायची. दुसरी थकली का आपुन भरायची. एकटीच्यानं कुठं निरंतर व्हतंय, गुर्जी?"

"आणि एकटीच असली तर?"

"तरीबी जागा सोडायची. जिची आसंल ती भरती."

ती कोण, असं मी विचारलंच. गुणाबाईनं सूप उचललं. म्हणाली, "मी कंदी वळून पायलं नाय. वळखीचा ठोका हाय, येवढं पुरं झालं." आणि वर बजावलं, "येक मातुर. दुसरा मुसळ आडवा ठेवायचा नाय. उभाच ठेवायचा, हाताला गावंल असा."

मी ते चिठ्ठीवर लिहिलं नाही. अनंतकाळाचा अर्थ विचारावा आणि भात कांडायची कृती ऐकायला मिळावी, याला कोशात जागा नाही असं माझं मत पडलं. शिवाय मनात दुसरंच घाटत होतं. मुसळच नसेल तर ठोका कशाचा पडणार? एकदा हे सिद्ध झालं की माझी रात्रीची झोप परत मिळेल आणि रंगूच्या डोक्यातलं हे वेडही जाईल.

त्याच दिवशी मी गुणाबाईला म्हटलं, त्या दुसऱ्या मुसळाचं कडं हलतंय, किन्हवलीला जातोय तर लोहाराकडून ठोकून आणतो. कडं चांगलं पक्कं होतं. म्हातारीनं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं आणि मुसळ दिलं. मी ते किन्हवलीला नेलं नाही. आमच्या खोलीचं छत बुटकं, मुसळ कुठंच उभं राहीना. मी ते गोणपाटात गुंडाळलं आणि रंगू परसात गेली होती तेवढ्यात तिच्या बाजेखाली आडवं सारलं.

५

तीन वाजता कांडण सुरू झालं. धप्, मग जागा. धप्, मग जागा. जागा रिकामीच राहिली.

मी जिंकलो होतो. पाच-पन्नास ठोके ऐकले, सगळे एकेरी. हुंकार नाही, काही नाही. पलीकडं गुणाबाईनं दोनदा मधेच थांबून पाहिलं, असं आवाजावरून कळलं. मग ती पुन्हा मारायला लागली. मी खुशीत टाक उचलला आणि रंगूकडं पाहिलं. ती बाजेवर ताठ बसली होती, दोन्ही हात पोटावर.

"हलंना ते," ती म्हणाली.

झोपलं असेल, असं मी म्हटलं. तेवढ्यात पलीकडं ठोका पडला, आणि त्याच्या पुढच्या रिकाम्या जागेत बाजेखालून एक आवाज आला. लहानसाच. गोणपाटात गुंडाळलेली जड वस्तू बोटभर सरकावी तसा. पुढच्या जागेत पुन्हा. आडवं पडलेलं माणूस उठायला बघतं आणि त्याला उठता येत नाही, तसं काहीतरी ते होतं. रंगूनं पाय वर घेतले.

उंदीर, मी म्हणालो. आणि वाकून पाहण्याचं धैर्य मला झालं नाही.

६

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता रंगूला कळा सुरू झाल्या. दिवस भरायला तीन आठवडे बाकी होते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, हे मला माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

नथू धावत जाऊन वाडीबाहेरच्या वस्तीवरून जिवलीला घेऊन आला. जिवली त्या टापूतली सुईण. मजुरीवर पोट भरणारी, अंगानं काटकुळी, पण तिच्या हातावर निम्मी वाडी जन्मलेली. तिनं मला खोलीबाहेर काढलं. गाडी जुंपून मुरबाडला न्यावं का, असं मी विचारलं, तर पोचायच्या आधी वाटेतच बाळंत होईल, म्हणाली. मी अंगणात बसलो. सूर्य वर आला, डोक्यावर आला, कलला. आतून रंगूचा आवाज आधी मोठा येत होता, मग लहान होत गेला.

अडीच-तीनच्या सुमाराला जिवली बाहेर आली. पदरानं हात पुसले आणि माझ्यासमोर उकिडवी बसली.

"पोर खाली आलाय. पन बाय जोर करत नाय," ती म्हणाली. "सोडून दिलाय तिनं. ती म्हनती, त्यो ठोका थांबला, आता काय र्‍हात नाय. कसला ठोका, गुर्जी?"

गुणाबाई ओसरीवरून उठली. तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. सरळ माजघरात जाऊन उखळात भात ओतला आणि तिनं कांडायला सुरुवात केली. धप्, जागा. धप्, जागा. आतून रंगू कण्हली. ते कण्हणं नेमकं त्या रिकाम्या जागेत येत होतं.

मी खोलीत शिरलो. जिवली ओरडली, पण मी ऐकलं नाही. बाजेखाली हात घातला. गोणपाट उलगडलेलं होतं आणि मुसळ बाजेच्या अगदी कडेला, हाताला लागेल असं आलेलं होतं. रंगूनं डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. माझं पाप तिला कळलं, हे मला कळलं. मी मुसळ उचललं आणि माजघराकडं पळालो.

७

बाप्यानं मुसळ धरलं की गाव वर्षभर हसतं. नथू दारात होता, त्यानं मान दुसरीकडं फिरवली. हे त्याचे उपकार मी आजही मानतो.

पहिला ठोका चुकला, काठावर आदळला. दुसरा बसला. मग गुणाबाईच्या मागोमाग, तिच्या जागेत, मी मारत राहिलो. धप्, धप्, धप्, धप्. कुडापलीकडून जिवलीचा आवाज आला, "हां बाय, आता. आता जोर कर गो." रंगू ओरडली, आणि त्या ओरडण्यात जोर होता. मी हसत होतो की रडत होतो, सांगता येणार नाही.

पण खडू धरणारा माझा हात. पाव घटकेत तळव्यांना फोड आले आणि फुटले, खांदे जड झाले. बोलणाऱ्याचं काय जातं, कांडणाऱ्याला कळतं. मला कळून चुकलं की आणखी दहा-वीस ठोके, मग मी संपलो. तेवढ्यात सगळं आटपलं नाही तर पुन्हा ती जागा पडेल. मी ठोके मोजायला लागलो. अकरा. बारा. तेराव्याला मुसळ उचललं आणि हात वर जाईनात. मुसळाचं कडं उखळाच्या काठावर टेकून मी उभा राहिलो, छाती भात्यासारखी हलत होती.

ठोका पडला.

मुसळ माझ्या हातात होतं, काठावर टेकलेलं, हललेलं नव्हतं. गुणाबाईचं वर होतं. तरी उखळातला भात दबला आणि त्यातून तूस उडालं. माझ्या कानाशी, अगदी जवळ, एक बारीक हुंकार झाला.

मावळतीकडच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा आत येत होता. त्या पट्ट्यात तूस आणि कोंडा गरगर फिरत होता. उखळाच्या पलीकडं मात्र एका जागी तूस नव्हतं. तिथं ऊन स्वच्छ होतं, माणसाएवढ्या उंचीचं. सगळीकडचं तूस त्या जागेपाशी येऊन बाजूला वळत होतं. गुणाबाईचं मुसळ खाली आलं की ती मोकळी जागा उंच व्हायची. तिचं मुसळ वर गेलं की ती जागा वाकायची आणि ठोका पडायचा. किती वेळ मी पाहिलं कोण जाणे. चार ठोके, पाच ठोके. मग मी मान खाली घातली. गुणाबाईनं कधी वळून पाहिलं नव्हतं, तसं आपणही पाहू नये, असं मला आतून वाटलं. गंमत म्हणजे भीती तेव्हाच गेली. दमलेल्या माणसाच्या हातातलं काम दुसऱ्यानं घ्यावं, तेव्हा जे वाटतं ते वाटलं. मी मुसळ उभं धरून ठेवलं, हाताला गावेल असं.

पलीकडं बाळ रडलं.

गुणाबाई थांबली. तिनं मुसळ टेकवून कपाळावरचा घाम पुसला. मी थांबलेलोच होतो. त्या थांबण्यात आणखी एक ठोका पडला, सावकाश, काम उरकल्यासारखा. मग माजघरात फक्त बाळाचा आवाज उरला.

मुलगी झाली. जिवलीनं दाखवायला आणली तेव्हा ती रागानं लालबुंद झाली होती. संध्याकाळच्या आत मी रंगूपाशी जाऊन मुसळाचं सगळं सांगितलं आणि तिच्या पायाला हात लावला. तिनं पाय ओढून घेतले. म्हणाली, "ते लाल कापड काढा पेटीतनं. थंडीला हिला कुंची लागंल." 'लागंल' म्हणाली ती. मी मागल्या दारी जाऊन तोंड धुऊन आलो.

८

मुलीचं नाव हौसा ठेवलं. नववा दिवस आला तेव्हा आम्ही दोघांनी श्वास धरून ठेवला होता. दहावा आला, बारावा आला, आणि मग आम्ही मोजायचं विसरलो. हिराबाई मुलगा घेऊन परतली आणि पुन्हा सासू-सुना कांडायला लागल्या. बेचाळीसच्या आधीच माझी बदली शहापूरला झाली. कोशाच्या माझ्या चिठ्ठ्या मी केव्हाच धाडल्या होत्या. एक तेवढी धाडली नव्हती. चौथी ओळ कोरी असलेली चिठ्ठी कशी धाडायची?

सेहेचाळीसच्या भाद्रपदात गुणाबाई तापानं गेली. तेराव्याला आम्ही वाडीवर गेलो. जेवणं झाली, माणसं पांगली. त्या रात्री पावसामुळं तिथंच राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं आमच्या जुन्या खोलीत निघायची तयारी करत होतो. शाळा तोवर दुसरीकडं गेली होती, खोलीत आता कुदळी-नांगर होते. नथू सांगत होता की शहापूरला भात भरडायची गिरणी झालीय, आता घरी कोण कांडतंय. हिराबाईनं त्याचं ऐकून घेतलं आणि ती आत गेली.

पलीकडं कांडण सुरू झालं. धप्, जागा. धप्, जागा. रंगू हौसाची वेणी घालत होती, तिचा हात थांबला. हौसा आठव्या वर्षात होती, ती पण ऐकत होती. रंगू उठली, मला म्हणाली, "एकटीच हाय बिचारी. मी जाते, दुसरा मुसळ धरते." आणि दारापर्यंत गेली.

तेवढ्यात ती जागा भरली.

धप्, धप्, धप्, धप्. मी कुडाकडं पाहत राहिलो. हुंकार येतो का, म्हणून कान दिला. हुंकार नव्हता. जी कोण ती मुकाट्यानं कांडत होती. थोडे ठोके झाले. मग उखळाच्या काठावर लोखंडी कडं हलकेच आपटलं.

टक्.

हिराबाईला ती सवय कधीच नव्हती. रंगूनं पदर तोंडाशी नेला. ती हसत होती आणि तिचे डोळे भरले होते. कुडापलीकडं हिराबाईचा हात थांबला नाही. रोजच्या बोलण्यात असतो त्याच आवाजात ती म्हणाली, "आत्याबाय, दमानं घ्या. हात दुखंल."

मी पाकिटातून ती जुनी चिठ्ठी काढली. घडीवर फाटत आली होती. मांडीवर ठेवून चौथ्या ओळीवर मी लिहिलं: एकटीच्यानं निरंतर होत नाही, मधली जागा सोडायची, जिची असेल ती भरते. (गुणाबाई, वय साठ, धंदा शेती.)

मग हौसा मला म्हणाली, "बाबा, ती टक् वाजवते ती कोण हाय?" मी तिला म्हटलं, गुणाआजी. ती बरं म्हणाली आणि उरलेली वेणी घालून घ्यायला आईपुढं जाऊन बसली.